शिंकेचे उपमान : परागज्वराच्या संशोधनातील प्राणी

महाविद्यालयात नव्या अभ्यासक्रमाचा किंवा नव्या परीक्षापद्धतीचा आराखडा येऊन पडला, की प्राध्यापक-कक्षात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘झाले, पुन्हा आमचेच गिनी पिग केले.’ हे वाक्य आम्हीही पुष्कळदा उच्चारले आहे. मराठीत ‘बळीचा बकरा’ पूर्वीपासून होताच. त्याच्या शेजारी हा परका प्राणी केव्हा येऊन बसला ते सांगणे कठीण आहे. परंतु दोघांत एक भेद आहे. बकरा दुसऱ्याच्या पापपुण्यासाठी मरतो, गिनी पिग दुसऱ्याच्या ज्ञानासाठी. हा शब्दप्रयोग करताना त्या प्राण्याचे प्रत्यक्षात काय होत होते, कशासाठी होत होते आणि त्यातून कोणाला काय मिळाले, हा विचार आमच्या मनात कधी आला नव्हता.

तो यावयास निमित्त घडले ते शिंकांचे. आमच्यापैकी एकाला दरवर्षी पाऊस ओसरून गवत फुलोऱ्यावर आले, की सकाळी उठल्याबरोबर पंधरा-वीस शिंका येतात, डोळे चुरचुरतात, नाक वाहू लागते. पहिल्या तासाला वर्गात उभे राहणे अवघड होते. रात्री निजताना एक लहानशी पांढरी गोळी घेतली, की दुसरा दिवस पार पडतो. ही गोळी कोठून आली याचा माग काढता काढता आम्ही पॅरिसमधल्या १९३७ सालच्या एका प्रयोगशाळेपर्यंत पोहोचलो, आणि तेथे आमची गाठ पडली ती त्या गिनी पिगशीच.

‘अ‍ॅलर्जिक ऱ्हायनायटिस’ हे या विकाराचे वैद्यकातले नाव. त्याच्या ऋतुमानानुसार येणाऱ्या प्रकाराला ‘हे फीव्हर’ किंवा परागज्वर म्हणतात. आयुर्वेदात ‘प्रतिश्याय’ हा शब्द आहे, घरात आपण ‘पडसे’ म्हणतो; पण साधे पडसे आठवड्याभरात जाते, हे पडसे ऋतू संपेपर्यंत हटत नाही. ‘अ‍ॅलर्जी’साठी आपल्याकडे ‘अधिहर्षता’ असा पारिभाषिक शब्द घडवला गेला, परंतु तो रुळला नाही. त्यातला हर्ष कदाचित रुग्णांना पटला नसावा.

आम्ही अलंकारशास्त्र शिकवणारी माणसे. उपमेला चार अंगे लागतात, हे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत : उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साधर्म्यवाचक शब्द. प्रयोगशाळेत एखादा प्राणी माणसाच्या रोगाचे ‘मॉडेल’ म्हणून उभा केला जातो, तेव्हा वस्तुतः एक उपमाच रचली जात असते. माणसाचे नाक उपमेय, प्राण्याचे नाक उपमान. प्रश्न उरतो तो साधारण धर्माचा. आणि त्याहून नाजूक प्रश्न ‘सारखे’ या शब्दाचा. तो शब्द गळला, की उपमेचे रूपक होते, भेद मावळतो. काव्यात हे शोभते. वैद्यकात त्याची किंमत मोजावी लागते. परागज्वराच्या संशोधनाचा दोनशे वर्षांचा इतिहास हा आमच्या मते ‘सारखे’ हा शब्द विसरण्याचा आणि पुन्हा आठवण्याचा इतिहास आहे.

१

या इतिहासाचा प्रारंभ कोणत्याही प्राण्यापासून होत नाही. तो एका डॉक्टरच्या स्वतःच्या नाकापासून होतो. १८१९ साली जॉन बॉस्टॉक या इंग्रज वैद्याने लंडनच्या वैद्यकीय-शस्त्रक्रिया मंडळापुढे डोळे आणि छाती यांच्या एका ‘नियतकालिक’ विकाराची हकीकत वाचली. रुग्ण होता तो स्वतःच. लहानपणापासून दर उन्हाळ्यात त्याला हा त्रास होत असे. पुढे नऊ वर्षांनी, १८२८ मध्ये, त्याने अशा अठ्ठावीस रुग्णांची माहिती दिली आणि विकाराला ‘कॅटॅऱ्हस इस्टिव्हस’, म्हणजे उन्हाळी पडसे, असे लॅटिन नाव दिले. कारण मात्र त्याला सापडले नाही. लोक वाळल्या गवताला दोष देत होते. त्याचा रोख उन्हाच्या तापावर होता.

कारण सापडले ते मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली याला. तोही या रोगाचा रुग्ण. १८५९ पासून त्याने स्वतःवरच प्रयोग आरंभले. निरनिराळ्या वनस्पतींचे पराग त्याने नाकात ओढले, डोळ्यांना लावले, कातडीवर ओरखडा काढून त्यावर चोळले. हवेत पराग किती असतात हे मोजण्यासाठी त्याने चिकट लेप दिलेल्या काचपट्ट्या ठेवल्या, आणि उंचावरची हवा तपासण्यासाठी त्या पतंगाला बांधून आकाशात चढवल्या. १८७३ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि परागकण हेच या रोगाचे मूळ असल्याचे सिद्ध झाले. अमेरिकेत हार्वर्डच्या मॉरिल वायमनने त्याच सुमारास रॅगवीड नावाच्या तणाबाबत स्वतःच्या नाकाचीच साक्ष काढली होती.

अलंकारशास्त्रात ‘अनन्वय’ नावाचा एक अलंकार आहे. उपमेयाला दुसरे उपमानच मिळत नाही, म्हणून त्याची तुलना त्याच्याशीच केली जाते. बॉस्टॉक आणि ब्लॅकली यांचा काळ हा या संशोधनातला अनन्वयाचा काळ. शिंकणारे दुसरे कोणी हाताशी नव्हतेच. गवताच्या गंजीत तोंड खुपसून उभ्या असलेल्या गाईला किंवा घोड्याला हा रोग झालेला कोणी पाहिला नव्हता. इतकेच काय, गवत कापणाऱ्या शेतकऱ्यालाही तो क्वचितच होई. होई तो शहरातल्या सुशिक्षितांना. हे कोडे ब्लॅकलीनेही नोंदवून ठेवले आहे. हा रोग माणसाचा, त्यातही विशिष्ट माणसाचा, अशी समजूत त्यातून दृढ झाली. तिचे पडसाद पुढे पन्नास-साठ वर्षे उमटत राहिले.

२

प्राणी या कथेत शिरले ते बाजूच्या दाराने. १९०१ च्या उन्हाळ्यात मोनॅकोचा राजा पहिला आल्बेर याच्या नौकेवर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ होते. फायसेलिया या समुद्री प्राण्याच्या दंशातले विष ते तपासत होते. पॅरिसला परतल्यावर फायसेलिया मिळेना, म्हणून त्यांनी समुद्रपुष्पाचे विष घेतले आणि कुत्र्यांवर प्रयोग सुरू केले. हेतू असा, की थोडे थोडे विष देऊन कुत्र्याला त्याची सवय करावी. लसीचे तत्त्व तेच. नेपच्यून नावाच्या एका धडधाकट कुत्र्याला पहिली मात्रा दिली. त्याला काही झाले नाही. सुमारे तीन आठवड्यांनी तेवढीच मात्रा पुन्हा टोचली, आणि काही क्षणांतच तो धापा टाकू लागला, कोसळला, रक्ताची ओकारी झाली; पंचवीस मिनिटांत तो गेला.

रिशेने याला १९०२ मध्ये ‘अ‍ॅनाफायलॅक्सिस’ म्हटले, म्हणजे संरक्षणाच्या उलट. १९१३ चे नोबेल पारितोषिक त्याला याच शोधासाठी मिळाले. नेपच्यूनचे नाव तेवढे राहिले. एरवी या इतिहासातल्या प्राण्यांना नावे नाहीत.

अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथला तोच अनुभव गिनी पिगच्या बाबतीत आला होता. घटसर्पावरचे प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून बनवत आणि त्याची ताकद गिनी पिगवर तपासत. एकदा वापरलेला, पण जगलेला गिनी पिग काही आठवड्यांनी पुन्हा वापरावा, अशी काटकसर कोणी केली, तर तो घोड्याच्या सीरमच्या दुसऱ्या टोचणीने मरे. मारक ठरत होते ते विष नव्हे, औषधच. किंबहुना औषधाची स्मृती. जर्मनीत रिचर्ड ओटोने आणि अमेरिकेत रोझेनाऊ व अँडरसन यांनी १९०६ मध्ये या घटनेचा पद्धतशीर अभ्यास मांडला. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के याने ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द घडवला, आणि त्याच वर्षी आल्फ्रेड वोल्फ-आइस्नर याने परागज्वर हा परागातील प्रथिनाविषयीच्या अतिसंवेदनशीलतेचा प्रकार आहे, असे प्रतिपादन केले. माणसाची शिंक आणि गिनी पिगचा मृत्यू एकाच सूत्रात ओवले गेले ते येथे.

गिनी पिग हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. गिनीशी त्याचा संबंध नाही आणि डुकराशीही नाही. तो निमूट, लहान, भराभर वाढणारा, पोसायला स्वस्त. प्रयोगशाळेला आणखी काय हवे? परंतु १९०९-१० मध्ये ऑअर आणि लुईस यांनी मेलेल्या गिनी पिगची छाती उघडली, तेव्हा फुप्फुसे फुगलेलीच राहिली होती. श्वासनलिका आवळल्या गेल्याने आत गेलेली हवा बाहेर पडू शकली नव्हती. हे चित्र दम्याचे होते, आणि सॅम्युएल मेल्ट्झरने १९१० मध्ये ते नेमके ओळखले. पुढे असेही दिसून आले, की हाच आघात कुत्र्यात मुख्यतः यकृतावर येतो, सशात फुप्फुसाच्या धमन्यांवर, गिनी पिगमध्ये श्वासनलिकांवर. एकच कारण, पण प्रत्येक जातीत निराळ्या अवयवावर घाला. माणसाच्या नाकासाठी यांपैकी कोणाला उपमान म्हणावे?

या प्रश्नाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. गिनी पिग हाताशी होता आणि त्याची फुप्फुसे बोलत होती. त्यामुळे दम्याचे संशोधन पुढे गेले, नाक मागे राहिले. हाताशी असलेले उपमान कवीला कुठे ओढून नेते हे आम्ही वाङ्मयात पुष्कळदा पाहिले आहे; येथेही तसेच झाले.

३

दरम्यान उपचारांचे काय चालले होते? हॅम्बुर्गच्या विल्यम डनबारने परागात विष असते असे मानले, घोड्यांना पराग टोचून त्यांच्या सीरमपासून ‘पोलँटिन’ नावाचे औषध काढले. येथे प्राणी उपमान नव्हता, नुसता पुरवठादार होता. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात लेनर्ड नून यानेही परागातले विष हीच कल्पना धरली, पण वाट निराळी घेतली : रुग्णालाच परागाचा अर्क अतिसूक्ष्म मात्रेत टोचायचा आणि मात्रा हळूहळू वाढवायची. १९११ मध्ये त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मात्रा मोजण्यासाठी त्याने वापरला तो रुग्णाचा डोळाच. अर्काचा थेंब टाकून तो किती लाल होतो ते पाहायचे. दोनच वर्षांनी नून क्षयाने वारला. काम जॉन फ्रीमनने पुढे नेले. त्याचा तर्क चुकीचा होता, कारण पराग विषारी नसतोच. उपचार मात्र टिकला. आजची ‘अ‍ॅलर्जीची इंजेक्शने’ त्याच घराण्यातली आहेत.

१९२१ मध्ये जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरात, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्स्वाफमध्ये, एक विलक्षण प्रयोग झाला. हाइन्झ क्युस्टनरला मासे खाल्ले की अंगावर गांधी उठत. त्याचे सीरम कार्ल प्राउस्नित्झने स्वतःच्या कातडीत टोचून घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. जागा लाल होऊन सुजली. अ‍ॅलर्जी रक्तातून नेता येते हे सिद्ध झाले. परंतु माणसाच्या रक्तातला हा घटक गिनी पिगच्या शरीरात रुजत नाही, माकडाच्या रुजतो. म्हणजे ज्या प्राण्यावर वीस वर्षे सारी भिस्त होती, त्याच्यापाशी या कुलपाची किल्लीच नव्हती. त्याच्या आघातामागे मुख्यतः निराळ्या वर्गाचे प्रतिपिंड असतात हे पुढे कळले. उपमा चुकीची नव्हती. साधारण धर्म आपण समजलो होतो त्याहून कमी होता.

अमेरिकेत आर्थर कोका आणि रॉबर्ट कुक यांना हा भेद जाणवला. १९२३ मध्ये त्यांनी परागज्वर आणि दमा यांसाठी एक वेगळा वर्ग कल्पिला. नाव सुचत नव्हते. ते सुचवले कोलंबिया विद्यापीठातील ग्रीक भाषेचे प्राध्यापक एडवर्ड पेरी यांनी : ‘अ‍ॅटोपी’, म्हणजे ज्याला जागा नाही ते, विचित्र ते. वैद्यकाचे अडलेले काम भाषेच्या प्राध्यापकाने पार पाडावे याचा आम्हाला थोडा आनंद झाला, तो का लपवा? अ‍ॅटोपी ही आनुवंशिक आणि माणसापुरतीच आहे, अशी तेव्हाची धारणा होती. पुन्हा अनन्वय.

१९४१ मध्ये फ्रेड विटिच याने एका कुत्र्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्याला कोणी काही टोचले नव्हते. त्याला दर शरद ऋतूत आपोआप परागज्वर होत असे. माणसाच्या घरात राहणाऱ्या प्राण्याने माणसाचा रोग उचलला होता, आणि माणसाचे वेगळेपण तेवढ्यापुरते संपले होते. पुढे रॉय पॅटरसनने रॅगवीडची उपजत अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्यांचा दीर्घ अभ्यास केला. तरीही कुत्र्याची अ‍ॅलर्जी प्रायः कातडीवर उतरते. तो शिंकण्याऐवजी खाजवत बसतो.

४

आता त्या पांढऱ्या गोळीकडे येऊ. हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी १९१० मध्ये हिस्टामाइन या द्रव्याचे प्राण्यांवरील परिणाम तपासले होते. ते अ‍ॅनाफायलॅक्सिसशी आश्चर्यकारकपणे जुळत होते. मग हिस्टामाइनला अडवणारे द्रव्य मिळाले तर? पॅरिसच्या पाश्चर संस्थेत डॅनिएल बोव्हे आणि अ‍ॅन-मारी स्तोब यांनी १९३७ मध्ये तसे द्रव्य शोधले. ‘९२९ एफ’ हे त्याचे सांकेतिक नाव. मारक ठरेल एवढे हिस्टामाइन दिलेले गिनी पिग या द्रव्यामुळे जगले. ते माणसाला देण्याजोगे नव्हते, फार विषारी होते. पण वाट सापडली होती. १९४२ मध्ये ‘अँटरगॅन’ माणसांसाठी वापरात आले, १९४६ मध्ये अमेरिकेत डायफेनहायड्रामिन. बोव्हेला १९५७ चे नोबेल मिळाले. स्तोबचे नाव प्रायः उपवाक्यात येते, गिनी पिगचे तर कोठेच येत नाही.

येथे उपमान फळाला आले, हे निःसंकोचपणे सांगितले पाहिजे. हिस्टामाइनचा परिणाम हा दोघांचा खरोखरच साधारण धर्म होता. परंतु एक गोष्ट गिनी पिगने सांगितली नाही, कारण ती तो सांगूच शकत नव्हता : या औषधांनी डोळ्यांवर झापड येते. ती माणसांनी वर्गात, कचेरीत, गाडी चालवताना अनुभवली. झोप न आणणारी औषधे यायला आणखी चार दशके लागली.

५

१९६६-६७ मध्ये किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या दांपत्याने अमेरिकेत, तर युहान्सन आणि बेनिख यांनी स्वीडनमध्ये तो रहस्यमय घटक शोधून काढला. १९६८ मध्ये त्याचे ‘आयजी-ई’ असे नामकरण झाले. आता यंत्रणा उलगडली. शरीर निरुपद्रवी परागाविरुद्ध आयजी-ई प्रतिपिंड तयार करते. ते नाकाच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुन्हा तोच पराग आला, की त्या पेशी हिस्टामाइन बाहेर टाकतात. शिंक, खाज, पाणी त्यामुळे. काही तासांनी इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जमा होतात आणि नाक चोंदते.

यंत्रणा कळल्यावर नवे उपमान पुढे आले : उंदीर. त्यातही ‘बाल्ब-सी’ या पांढऱ्या उंदरांचे घराणे. ‘बाल्ब’ ही अक्षरे ‘बॅग अल्बिनो’चा संक्षेप, १९१३ मध्ये हॅल्सी बॅगने हे उंदीर एका विक्रेत्याकडून घेतले होते. पिढ्यान्‌पिढ्या सगोत्र संकर करून ही जात अशी झाली आहे, की एक उंदीर दुसऱ्याची जवळजवळ प्रतिकृती असतो. शिवाय अ‍ॅलर्जीच्या दिशेने जाणारा प्रतिसाद तो सहज देतो. १९८६ मध्ये टिम मॉसमन आणि रॉबर्ट कॉफमन यांनी मदतनीस टी-पेशींचे दोन प्रकार दाखवून दिले तेही उंदराच्या पेशींवरच. अ‍ॅलर्जीविषयी आज आपण ज्या भाषेत बोलतो, तिचे व्याकरण बव्हंशी उंदराने पुरवले आहे.

प्रयोगाची कृती साधारण अशी. अंड्याच्या पांढऱ्यातले ओव्हाल्ब्युमिन हे प्रथिन अ‍ॅल्युमिनियमच्या क्षारात मिसळून उंदराच्या पोटात टोचायचे. आठवड्याने, दोन आठवड्यांनी पुन्हा टोचायचे. मग रोज त्याच प्रथिनाचे थेंब नाकात सोडायचे. त्यानंतर घड्याळ लावून बसायचे आणि दहा-पंधरा मिनिटांत उंदीर किती वेळा शिंकतो, किती वेळा पुढच्या पायांनी नाक चोळतो, ते मोजायचे. अखेरीस त्याला मारून नाकाच्या अस्तराचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे. एका पिंजऱ्यापुढे बसून कोणी शिंकांचा हिशेब लिहीत आहे, हे दृश्य आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आता उपमा तपासू. अंड्याचे प्रथिन पोटात टोचून घेतल्याने कोणा माणसाला परागज्वर झालेला नाही. माणसाला तो होतो तो नाकावाटे, कणाकणाने, वर्षांच्या ओघात. आणि झाला की दशके राहतो. उंदराला तेच प्रथिन फार काळ देत राहिले, तर त्याचे शरीर ते सोसू लागते, रोग विरतो. उंदीर केवळ नाकानेच श्वास घेतो. त्याच्या नाकाच्या अस्तराचा निम्म्याच्या आसपास भाग वास घेण्यात गुंतलेला असतो, माणसाचा फारच थोडा. शिवाय प्रथिन हेही उपमानच आहे. आमच्याकडचे गाजरगवत, ज्याची भारतातली पहिली नोंद १९५०च्या दशकात पुण्यात झाली आणि जे आज रस्तोरस्ती फुलते, जपानचा सिडार, इंग्लंडचे टिमोथी गवत, या सर्वांच्या जागी प्रयोगशाळेत एकच अंडे उभे असते.

‘सारखे’ हा शब्द गळला की काय होते, याचे उदाहरण दम्याच्या शेजारघरातले आहे. इंटरल्युकिन-५ हे द्रव्य काढून घेतले, की उंदरांत इओसिनोफिल जमत नाहीत आणि श्वासनलिकांचा चिडखोरपणाही शमतो, असे १९९६ मधील एका अभ्यासात दिसले. मोठी आशा उत्पन्न झाली. २००० साली माणसांवरच्या चाचणीत त्या द्रव्याला अडवणारे प्रतिपिंड दिले. इओसिनोफिल खरोखरच घटले, पण अ‍ॅलर्जीच्या आघाताला श्वासनलिकांनी दिलेला प्रतिसाद होता तसाच राहिला. औषध मोडीत निघायचे. पुढे काही संशोधकांनी रुग्ण निवडून घेतले. ज्यांच्या दम्यात इओसिनोफिलांचे प्राबल्य आहे अशांनाच ते दिले, आणि त्यांना गुण आला. २०१५ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. उंदीर खोटे बोलला नव्हता. तो एका प्रकारच्या रुग्णाविषयी बोलत होता. आपण ते सर्व रुग्णांविषयी ऐकले.

६

या इतिहासातला सर्वांत बोलका प्राणी प्रयोगशाळेबाहेर सापडला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने उजाड डोंगरांवर सिडारची, म्हणजे सुगी वृक्षाची, अफाट लागवड केली. झाडे वयात आली, पराग सोडू लागली. १९६४ मध्ये निक्को भागातून सिडारच्या परागज्वराची पहिली नोंद झाली. आज तो तिथला राष्ट्रीय रोग म्हणावा इतका पसरला आहे. जपानी संशोधकांनी १९९०च्या दशकात गिनी पिगला सिडारचे परागच नाकावाटे देऊन नाक चोंदण्याच्या दोन अवस्था, तात्काळ आणि उशिराची, दाखवून दिल्या. म्हणजे गिनी पिगचे नाक अखेर बोलते झाले, पण त्यासाठी आधी त्याला त्याच वाटेने, त्याच परागाने प्रश्न विचारावा लागला.

त्याच्या आधीच, १९८०च्या दशकात, जपानी माकडांमध्ये हा रोग आढळला होता. कोणी टोचले नाही, कोणी थेंब सोडले नाहीत. सिडारच्या ऋतूत ती माकडे शिंकतात, त्यांचे नाक वाहते, डोळे खाजतात. त्यांच्या रक्तात सिडारविरुद्धचे आयजी-ई सापडते. झाडे माणसाने लावली, शिंका दोघांनी वाटून घेतल्या. येथे माकड माणसाचे उपमान आहे, की दोघेही एकाच घटनेची उपमेये आहेत, हे ठरवणे आम्हाला कठीण वाटते. आयजी-ईला अडवणारे ओमालिझुमॅब हे औषध २०१९ मध्ये जपानमध्ये तीव्र सिडार-ज्वरासाठी मान्य झाले, आणि २०२३ मध्ये तेथील शासनाने सिडारचे क्षेत्र कमी करण्याची योजना आखली. पहिल्या उपायाचा लाभ माणसालाच. दुसऱ्याचा मात्र माकडालाही होईल.

७

उपमान चुकते म्हणून त्याला टाकून द्यावे काय? आमचे मत तसे नाही. नेपच्यूनविना अ‍ॅनाफायलॅक्सिस नाही, गिनी पिगविना ती पांढरी गोळी नाही. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. आमच्यापैकी एकजण तर ते रोज रात्री पाण्याच्या घोटाबरोबर गिळतो. परंतु ऋण मान्य केले, की हिशेबही मागावा लागतो. जेथे साधारण धर्म मुळातच तुटपुंजा आहे, तेथे केवळ रीत म्हणून, प्रबंध पुरा व्हावा म्हणून, जे प्राणी मेले त्यांचे काय? विज्ञानाच्या चुकांची किंमत ज्याने मोजली, त्याला चूक कळलीही नाही.

१९५९ मध्ये विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी प्राण्यांवरील प्रयोगांसाठी तीन तत्त्वे मांडली : शक्य तेथे पर्याय शोधा, संख्या घटवा, वेदना कमी करा. भारतात त्याच सुमारास, १९६० मध्ये, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्यामागे राज्यसभेत विधेयक मांडणाऱ्या नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा आग्रह होता. या कायद्याने प्रयोग थांबवले नाहीत. त्यांच्यावर देखरेख बसवली. २०२२ च्या अखेरीस अमेरिकेत नव्या औषधासाठी प्राण्यांवरील चाचणीची सक्ती कायद्यातून काढण्यात आली. माणसाच्या नाकातल्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवून त्यांवर पराग टाकता येऊ लागले आहेत. व्हिएन्नामध्ये तर १९८०च्या दशकापासून एक बंदिस्त खोली आहे. तीत ठरावीक प्रमाणात पराग सोडतात, आणि स्वखुशीने आलेले रुग्ण तासन्‌तास बसून आपल्या शिंका स्वतःच नोंदवतात.

ब्लॅकलीच्या पतंगापासून निघालेली वाट अशी वळून पुन्हा माणसाच्या नाकाशी येते. पुन्हा अनन्वय. पण दोन अनन्वयांत अंतर आहे. ब्लॅकलीपाशी दुसरे उपमान नव्हते म्हणून तो स्वतःकडे वळला. आज आपण वळतो ते सारी उपमाने पाहून, त्यांचे देणे आणि त्यांच्या मर्यादा समजून. त्या खोलीत बसलेल्या माणसाला विचारता येते, तो होकार देतो, आणि नको झाले तर दार उघडून बाहेर येतो. नेपच्यूनला आणि त्याच्यामागून आलेल्या असंख्य निनावी प्राण्यांना यांपैकी एकही सवलत नव्हती.

पुढच्या वेळी प्राध्यापक-कक्षात कोणी ‘आमचे गिनी पिग केले’ म्हणाले, तर आम्ही बहुधा गप्प राहू. आमच्यावर जे काही लादले जाते, त्याविरुद्ध आम्हाला निदान तक्रार करता येते.